२६ डिसेंबरला नाताळ संपतो का? उपासनेचं शिक्षण घ्यायला कुणाला पाठवावं की नको?

शेवटचा बाक

आमची मंडळी (म्हणजे चर्च) नगर जिल्ह्यातली, जुन्या अमेरिकन मिशनची. डिसेंबर लागला की तरुण संघ पेटी-ढोलकी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतो. छानच वाटतं. पण २५ तारखेची उपासना झाली की २६ला तारा उतरतो, पताका गुंडाळल्या जातात आणि पुढच्या रविवारी पाळकसाहेब वार्षिक वर्गणीच्या थकबाकीवर येतात. ख्रिस्ती वर्षाच्या जुन्या पंचांगात नाताळचा काळ २५ला सुरू होतो आणि निदान ६ जानेवारीपर्यंत चालतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, वाट बघण्याचे. आपण वाट बघायच्या दिवसांत सण उरकतो आणि सणाच्या दिवसांत आवराआवर करतो.

लेंतचंही (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचंही) तेच. त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, आमच्या गावीही नसतो; जाग येते ती थेट ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी.

याला इतिहास आहे. १८१३ साली मुंबईत आलेल्या मिशनऱ्यांना बोस्टनच्या ज्या बोर्डाने पाठवलं, ते न्यू इंग्लंडच्या प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट) परंपरेत वाढलेलं. तिथल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा निघाला १६८१ साली. पवित्र शास्त्रात आहेत तेवढेच दिवस पाळायचे, हा त्यांचा बाणा. त्याची सवय आपल्याकडे आली, त्यामागचा विचार आला नाही. मग रिकाम्या जागेत दुकानातला नाताळ येऊन बसला.

माझा प्रस्ताव असा की पाच-सहा मंडळ्यांनी मिळून एका तरुण पाळकाला उपासनाशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला पाठवावं. पाळकाला ग्रीक येतं, उपदेश करता येतो, पण उपासना कशी बांधायची ते तो आधीच्या पाळकाचं बघून शिकतो. कॅथोलिकांची रोममध्ये सान्त आन्सेल्मोला खास याच विषयाची संस्था १९६१पासून आहे. अमेरिकेत नोटर डेम विद्यापीठात १९४७च्या उन्हाळ्यापासून हा विषय शिकवतात. आपण कधी?

पेटीवाला

कधीच नको.

आमच्या वस्तीतली निम्मी माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. तुमचा आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार सगळं उसाच्या फडात जातं. कधीकधी ईस्टरसुद्धा. त्यांच्यासाठी कुठल्या विद्यापीठात पंचांग तयार होतं ते सांगा, मग वर्गणी काढू.

दुसरं, हे पंचांग युरोपच्या ऋतूंवर बेतलेलं. डिसेंबरातला अंधार आणि प्रकाश ही सगळी भाषा बर्फाच्या देशातली. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे हुरड्याची चाहूल आणि लख्ख ऊन. आमचा खरा मोठा दिवस उपकारस्तुतीचा, पिकासाठी देवाचे आभार मानायचा. बायका सुपात धान्य घेऊन येतात, कुणी कोंबडी आणतं, कुणी भोपळा, नंतर लिलाव होतो. हा दिवस कुणी पदवीधराने ठरवला नाही.

आणि आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांच्याकडे उपासनाशास्त्राची कुठली पदवी होती? त्यांच्या पदांवर आपली पिढ्यान्‌पिढ्यांची उपासना चालली आहे. पैसे असतील तर दोन पोरांना तबला शिकवा.

पापडीकर

मी वसईचा, कॅथोलिक. बाहेरचा म्हणून थोडक्यात लिहितो (जमलं तर).

आमच्याकडे पंचांग काटेकोर आहे. आगमनकाळात फादरांच्या अंगावर जांभळा झगा, तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतो, मिस्सात (आमच्या मुख्य उपासनेत) 'गौरव' हे स्तोत्र म्हणत नाहीत. तरीही डिसेंबरभर देवळाबाहेर ताऱ्यांच्या स्पर्धा, गोठ्यांच्या स्पर्धा, पार्ट्या चालूच. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मित्रांनी नुसत्या पंचांगाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पण पेटीवाल्यांचंही पटत नाही. ४ डिसेंबर १९६३ला दुसऱ्या व्हॅटिकन सभेने (जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेने) उपासनेची घटना मंजूर केली आणि लोकभाषेला दार उघडलं. त्यानंतर मिस्साच्या प्रार्थना मराठीत आणणं हे गाणं आवडलं म्हणून होणारं काम नव्हतं. कुठली प्रार्थना कशासाठी आहे, काय गाळलं तर विधी मोडतो, हे ठाऊक असलेली माणसं लागली. १९६९ साली भारतासाठी आरती, पंचांग (पाच अंगांनी) प्रणाम, मांडी घालून बसणं अशा बारा गोष्टींना रोमने परवानगी दिली. त्यामागे फादर अमलोरपवदास आणि त्यांचं बंगळूरचं केंद्र होतं. पुष्कळांनी त्यावर टीका केली, अजून करतात. पण आरतीची परवानगी मागायला जाणाऱ्याला विधी मुळापासून माहीत असावा लागतो.

रानफूल

याच विषयाच्या आसपास एम.टीएच. (ख्रिस्ती धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) करते आहे, म्हणून राहवत नाही.

या अभ्यासात पंचांग पाठ करून घेत नाहीत. उलट त्याच्यावरचा विश्वास जरा हलतो. २५ डिसेंबरच घ्या. रोममधली सर्वांत जुनी नोंद ३३६ सालची धरतात. ती तारीख सूर्याच्या सणावरून आली, की २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजल्यामुळे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. (अवांतर: 'नाताळ हा मुळात सूर्यपूजेचाच सण' असं छातीठोक सांगणारे फॉरवर्ड दरवर्षी येतात. इतकं सोपं नाही ते.) आगमनकाळ तर त्याहून नंतरचा. म्हणजे पंचांग हळूहळू, ठिकठिकाणच्या लोकांनी घडवलं आहे. पेटीवाले, तुमची उपकारस्तुती त्यात उपरी ठरत नाही.

अभ्यासाने काय हाती लागतं याचं जवळचं उदाहरण दक्षिण भारत मंडळीचं (चर्च ऑफ साऊथ इंडियाचं). १९४७ला अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल हे पंथ एकत्र आले. १९५०च्या त्यांच्या प्रभुभोजनाच्या विधीत हातोहात शांती देण्याची पद्धत आहे. ती घेतली केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांकडून. पुढे त्या विधीची दखल पश्चिमेतल्या मंडळ्यांनीही घेतली. शेजारच्या घरातलं सोनं ओळखायला नजर तयार असावी लागते.

पेटीवाला

ताई, मग तुमच्या पंडितांची दुसरी बाजूही सांगा. आमच्या जावयाने सेमिनरीत (पाळकांच्या महाविद्यालयात) असताना ऐकवली होती, हिप्पोलितसची.

रानफूल

सांगते, लपवण्यासारखं काही नाही. 'प्रेषितीय परंपरा' नावाचा ग्रंथ तिसऱ्या शतकातल्या रोमच्या हिप्पोलितसचा, असं विसाव्या शतकात बहुतेकांनी धरलं. त्याच्या आधारावर कॅथोलिकांच्या मिस्सातली दुसरी अर्पण-प्रार्थना रचली गेली, इतर मंडळ्यांनीही त्यातून घेतलं. नंतर पॉल ब्रॅडशॉ आणि इतर अभ्यासकांनी दाखवलं की तो एका हाताचा, एका काळाचा दस्तऐवज धरता येत नाही, त्यात वेगवेगळे थर आहेत.

पेटीवाला

हेच! पंडित चुकले आणि तोवर पुस्तकं छापून झाली. आमच्या म्हाताऱ्यांच्या भजनात निदान असा घोळ होत नाही.

शेवटचा बाक

पण चूक सापडली ती अभ्यासामुळेच ना? आमच्या मंडळीत कित्येक गोष्टी 'पहिल्यापासून असंच आहे' म्हणून चालतात. ते पहिलं म्हणजे कधीचं, हे विचारलं तर पंच रागावतात.

टिळकांचं म्हणाल तर ते १८९५ला बाप्तिस्मा घेण्याआधीच संस्कृत काव्य, अभंग, कीर्तन कोळून प्यायले होते. ती त्यांची पदवी. आज आपल्या तरुण संघाला ना अभंगाची चाल येते, ना जुनं स्तोत्र. यूट्यूबवरचं हिंदी गाणं कराओकेवर चालतं. त्यांच्यासमोर टिळकांचं नाव घेऊन काय उपयोग?

कारखान्याच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

पापडीकर

उत्तर तिथेच शोधायला लावा. प्रबंधाचा विषयच तो द्यायचा, ऊसतोडीच्या अड्ड्यावर नाताळ आणि लेंत कसा पाळतात. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, आमचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. रोमला कशाला जायला हवं?

पेटीवाला

अड्ड्यावर नाताळ कसा पाळतात ते मी फुकट सांगतो. पहाटे चारला उठून गाडी भरतात आणि रात्री कोपीसमोर टिळकांचं पद म्हणतात. पेटी नसते.

तरी पापडीकरांची अट मला चालेल. जो कुणी शिकायला जाईल त्याने आधी एक हंगाम फडात काढावा, मोबाइलवर चित्रीकरण करायला नव्हे, मोळ्या बांधायला. असा पाळक दाखवा, पहिली पाचशेची पावती माझ्या नावाने फाडा. तबल्याचं मात्र विसरू नका.

रानफूल

फडातल्या पदांच्या चाली कुणी लिहून ठेवल्या आहेत का? नसतील तर या हंगामात मी येते. मोळ्या बांधता येत नाहीत, शिकवाल तर बघू.