सीरम सहाशेचं, टॉवेल चौघांत एक

खडूफळा:
मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवतो, नाव नको. परवा प्रॅक्टिकलला तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा सतत मान खाजवत होता. कॉलर सरकवली तर जबड्यापासून गळ्यापर्यंत लाल चट्टा. नायट्याची ती ओळखीची गोल कडासुद्धा उरली नव्हती, सगळं पुसटलेलं. बॅगेतून ट्यूब काढली. सहा महिने लावतोय म्हणे, रूममेटने दिलेली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल. म्हणजे जबर स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच नळीत. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत बसते, बुरशी मात्र आत आरामात पसरते. लावणं सोडलं की दुप्पट उसळतं, म्हणून पुन्हा ट्यूब.

त्याच बॅगेत चेहऱ्याला लावायचं सहाशे रुपयांचं नायसिनामाइड सीरमही होतं! आणि रूमवर चौघांत टॉवेल एक. या पोरांना स्किनकेअर येतं, त्वचा सांभाळणं येत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

लेडीज_डबा:
सर, एका पोराच्या मानेवरून सगळ्यांना झोडपू नका. मी डोंबिवलीहून कुर्ला आणि तिथून शेअर रिक्षाने कलिना करते. मार्चमध्ये स्टेशनबाहेरच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहून बघा, मग सनस्क्रीन नखरा वाटणार नाही. आणि तुमच्या पिढीने काय केलं? गोरं करणारं क्रीम १९७५ पासून घराघरात. नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' यायला २०२० उजाडलं. आम्ही निदान मागचं लेबल वाचतो.

खडूफळा:
वाचता ना? मग क्लोबेटासोल कुणी वाचलं?

लेडीज_डबा:
मान्य. सीरमचं लेबल वाचतो, मलमाचं नाही. औषध म्हटलं की विश्वास बसतो.

पाटावरवंटा:
आमच्या वेळी बेसन, हळद, दिवाळीला उटणं. चेहऱ्यावर अर्धं लिंबू फिरवलं की झालं. कुणाला काही झालं नाही.

लेडीज_डबा:
काकू, लिंबू चोळून उन्हात गेलात तर काळे डाग पडतात, महिनोन्‌महिने जात नाहीत. माझ्या आत्याच्या हनुवटीवर होते. ते 'काही झालं नाही' मध्येच मोजलं जातं.

पाटावरवंटा:
मग बेसन तरी राहू द्या बाई.

लालबाग_मेडिकल:
काउंटरच्या आतून बोलतो. २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये गेली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी चिठ्ठी मागतो, पोरगा 'राहू द्या' म्हणतो आणि पुढच्या दुकानात जातो. दहा मिनिटांनी तीच ट्यूब हातात घेऊन माझ्यासमोरून परत! आमच्या धंद्यातल्यांची चूक आहेच, झाकत नाही. पण मास्तर, स्किनवाल्याची फी ऐकलीय का? मेसचे किती दिवस जातात त्यात?

खडूफळा:
केईएम, सायन, नायर, सगळीकडे त्वचेची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा, बस.

हॉस्टेल_तिसरा_मजला:
"बस" म्हणे. सकाळी जाऊन रांग लावायची, नंबर लागेपर्यंत दुपार. तुमचीच ७५ टक्के हजेरी आडवी येते, सर. आणि टॉवेलचं म्हणाल तर पाणी तासभर येतं. चौघांचे चार टॉवेल कधी धुवायचे आणि वाळत कुठे घालायचे? पॅसेजमध्ये दोरी एकच आहे. माझी जीन्स सोमवारी धुतली, गुरुवारी ओलसरच चढवली. मांडीला नायटा होणार नाही तर काय गुलाब फुलणार?

लेडीज_डबा:
हेच! रील बघून सीरम घेणं सोपं आहे, दोरी कुठून विकत आणायची? तरी एक बोलते. माझ्या ग्रुपमधल्या मुली सनस्क्रीन वाटाण्याएवढं लावतात. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं. तसं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपते, म्हणून कंजुषी. वाटाण्यात ट्यूबवरचं एसपीएफ ५०, म्हणजे उन्हापासूनचं तेवढं संरक्षण, मिळतच नाही. ती जाहिरातच गालावर राहते.

खडूफळा:
दोरीचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, खरंच. हजेरीचाही. त्या मुलाला गुरुवारी सायनला पाठवलं, लेक्चरची नोंद मी बघून घेतो. पोटातून गोळ्या दिल्यात, ट्यूब बंद. कपडे वेगळे धुवा आणि उन्हात वाळवा म्हणून सांगितलंय.

हॉस्टेल_तिसरा_मजला:
जुलैत, मुंबईत, ऊन?

लालबाग_मेडिकल:
इस्त्री फिरवा. आतल्या कपड्यांवर, शिवणीवर जास्त. आणि गोळ्या मध्येच सोडू नकोस म्हणावं, खाज थांबली की सगळे सोडतात.

हॉस्टेल_तिसरा_मजला:
इस्त्रीला रूमवर बंदी आहे. गच्चीला कुलूप आहे. सर, किल्ली रेक्टरकडे असते, तुमच्या ओळखीचे आहेत का ते?

खडूफळा:
आहेत. उद्या विचारतो.