वायुवीजन की वातायन?

इंग्लंडमधल्या जुन्या कोळसाखाणींवरचा मजकूर मराठीत करतेय. व्हेंटिलेशनला वायुवीजन म्हणू की वातायन? की सरळ 'हवा खेळती ठेवणे' लिहून मोकळी होऊ?

— 'खेळती' नको. खाणीतल्या हवेला खेळू दिलं तर ती एका कूपकातून (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीतून) उतरून जवळच्या वाटेने दुसऱ्यातून वर निघून जाणार, आणि कोळसा फोडतात तिथे मिथेन साचत राहणार. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून बोळांना लाकडी दारं बसवून हवेला लांबून फिरवून आणायचे. दार उघडायला लहान पोरं हातात दोरी धरून दिवसभर काळोखात बसलेली असत. १० वर्षांखालच्या पोरांना खाली उतरवणं १८४२च्या कायद्याने बंद झालं.

— वातायन म्हणजे वाऱ्याची वाट, संस्कृतात खिडकीच. 'वीजन' म्हणजे पंख्याने वारा घालणं, जुन्या मराठीतला विंझणा त्यातलाच. तेव्हा काळ बघून शब्द घ्या. आधी एका कूपकाच्या तळाशी भट्टी पेटवत, तापलेली हवा वर चढे आणि दुसऱ्यातून ताजी हवा आत ओढली जाई. ते वातायन. १८६०च्या दशकात बेल्जियममधले इंजिनियर गिबाल यांचे वाफेवर चालणारे प्रचंड पंखे आले. तिथून पुढे वायुवीजन. (नुसत्या खिडक्यांना 'उत्तम वायुवीजन' म्हणणाऱ्या फ्लॅटच्या जाहिरातींचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.)

— पण गिबालचा पंखा वारा घालत नव्हता, आतली हवा ओढून बाहेर फेकत होता. एक्झॉस्टच तो. विंझण्याच्या नेमकं उलट!

— बरोबर पकडलंत. तरी पंखा तो पंखाच, शब्द चालेल.

मग हार्टलीच्या खाणीतल्या दुर्घटनेत वातायन लिहिते. नॉर्थम्बरलंड, जानेवारी १८६२. कूपक एकच, मध्ये फळ्यांची भिंत. अर्ध्यातून हवा खाली, अर्ध्यातून वर. पंपाच्या इंजिनाची तुळई तुटून त्यात कोसळली, भिंत गेली, वाट बुजली. २०४ जण गेले, बहुतेक विषारी वायूने. त्याच वर्षी दुसरी वाट कायद्याने सक्तीची झाली. आणि हो, फायरडॅम्पचं, म्हणजे खाणीतल्या त्या मिथेनच्या इंग्रजी नावाचं, मी 'पेटती ओल' केलंय.

— खोडा आधी! हा डॅम्प म्हणजे ओल नव्हे, जर्मन 'डाम्फ'चा भाऊ, वाफ. 'स्फोटक वायू' लिहा.