हृदयाच्या पेट स्कॅनआधी मधुमेही रुग्णाला ग्लुकोज का पाजतात?

प्रश्न
माझ्या वडिलांचे वय ६८ आहे आणि त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर, बायपासचा उपयोग होईल की नाही हे ठरवण्यासाठी, हृदयाचा किती स्नायू अजून जिवंत आहे हे दाखवणारा एफडीजी पेट स्कॅन डॉक्टरांनी सांगितला आहे. केंद्राच्या सूचनांनुसार त्यांनी रात्रीपासून उपाशी राहायचे आहे, पण तेथे गेल्यावर त्यांना ग्लुकोजचे पाणी पाजणार आहेत. माझ्या मावसभावाच्या हृदयाच्या पेट स्कॅनआधी मात्र पोळी, भात, फळे बंद करून केवळ अंडी, पनीर आणि तूप दिले होते. आमच्या कागदावर काही चूक झाली असेल का?

उत्तर १ (न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ)
चूक नाही. मावसभावांचा स्कॅन बहुधा सारकॉइडोसिससारख्या आजारातला दाह (सूज) शोधण्यासाठी असावा. त्यात निरोगी स्नायूने साखर घेऊ नये, म्हणजे दाह असलेला भाग उठून दिसतो. वडिलांच्या बाबतीत नेमके उलट हवे आहे. उपाशीपोटी हृदय मुख्यतः स्निग्धाम्लांवर (चरबीपासून मिळणाऱ्या इंधनावर) चालते. ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन वाढते, रक्तातील स्निग्धाम्ले घटतात आणि जिवंत स्नायू ग्लुकोज ओढू लागतो, तसेच एफडीजीही, म्हणजे स्कॅनसाठी टोचले जाणारे ग्लुकोजसारखेच किरणोत्सारी औषध. रक्तपुरवठा कमी असूनही जेथे एफडीजी चांगले शोषले जाते, तो भाग सुप्त पण जिवंत असतो. दोन्ही कमी असतील तर तेथे मृत स्नायूचा व्रण असतो. तयारी बिघडली तर जिवंत स्नायूही मृत भासू शकतो आणि रुग्णाची बायपासची संधी हुकू शकते, म्हणून आम्ही या तयारीबाबत इतके काटेकोर असतो.

मधुमेहात शरीराचे स्वतःचे इन्सुलिन पुरेसे काम करत नाही. त्यामुळे साखर वारंवार तपासत शिरेतून थोडे थोडे इन्सुलिन देतात आणि साखर साधारणपणे १०० ते १४० मिलिग्रॅमच्या आसपास उतरल्यावर एफडीजी टोचतात. उपाशीपोटीची साखर आधीच जास्त असेल तर ग्लुकोज कमी देतात किंवा वगळतात. टोचल्यानंतर तास-दीड तासाने चित्रण होते, म्हणून अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

उत्तर २
माझ्या आईच्या वेळी तिने सकाळी कोणती औषधे घ्यावीत हे आम्ही विचारलेच नाही. साखर इतकी चढलेली होती की इन्सुलिन देऊनही ती वेळेत उतरली नाही, स्कॅन पुढे ढकलावा लागला आणि तिच्यासाठी मागवलेले औषध वाया गेले. दुसऱ्या खेपेस स्कॅन उत्तम झाला, परंतु घरी परतताना टॅक्सीत तिला दरदरून घाम सुटला आणि हात थरथरू लागले, कारण इन्सुलिनचा परिणाम अजून ओसरला नव्हता. कृपया डबा सोबत न्या आणि निघण्यापूर्वी साखर पुन्हा तपासून घ्या.

उत्तर ३ (तंत्रज्ञ)
हे अगदी महत्त्वाचे आहे. इन्सुलिनमुळे पोटॅशियमही खाली येऊ शकते, त्यामुळे वडील लघवीची गोळी घेत असल्यास तसे आवर्जून सांगा. एफडीजीचा निम्मा किरणोत्सार ११० मिनिटांत संपतो, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्या आदल्या रात्री व सकाळी किती घ्यायच्या, हे केंद्राला आजच फोन करून विचारा. स्वतःच्या अंदाजाने काहीही बंद करू नका. आणि स्कॅन कशासाठी आहे, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले आहे ना, एवढे पाहा.