मदत हवी आहे : थकलेल्या मावशींसाठी बायबलमधला कोणता शास्त्रभाग घ्यावा?

सर्वांना सलाम. वडोद्यात फतेगंजला आमची शुक्रवारची घरगुती प्रार्थनासभा असते. आठ-दहा जण, बहुतेक साठीपुढचे, मराठीच वाचणारे. येत्या वेळी वीस मिनिटं मला बोलायचंय.

सभेतल्या एका मावशींचे यजमान अर्धांगवायूने चौदा महिने अंथरुणाला खिळलेत. मावशी रोज त्यांच्या उजव्या हातात रबरी चेंडू ठेवतात आणि एकेक बोट त्याभोवती मिटवतात. औषधोपचार नीट चालू आहेत, प्रश्न तो नाही. मागच्या खेपेला म्हणाल्या, "मागायचं तरी किती दिवस?"

लूक 18 मधली, न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा वाचून झाली. मावशी गप्पच झाल्या. आपणच मागण्यात कमी पडलो असं त्यांना वाटलं असावं, आणि ते मला फार लागलं. रोम 5 मधलं संकटातून धीर, धीरातून शील हे त्यांना पाठच आहे. संपत्ती, मुलं, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचं नाव काढवत नाही. त्याला शेवटी सगळं परत मिळालं.

मनात स्तोत्र 13 आहे. सहाच वचनं, आणि सुरुवातीलाच चारदा 'कोठवर?' पण पाचव्या वचनापासून ते भरवशाकडे आणि गाण्याकडे वळतं. तो शेवट मावशींवर न लादता हे स्तोत्र कसं मांडू? की चौथ्या वचनावरच थांबून नुसती प्रार्थना करावी?