१४ बाय १२ ची खोली, दोन ॲम्प आणि घुमणारा खर्ज (इंदूर)

रामबागकर:
नमस्कार मंडळी. खोली १४ x १२ फूट, छत १० फूट, खाली कोटा फरशी, भिंतींना साधं प्लास्टर. स्पीकर केईएफ एलएस ५० मेटा, स्टँडवर, लांबीच्या एका टोकाला. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून २ फुटांवर. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. जुना ॲम्प (ॲम्प्लिफायर) ६० वॉटचा आहे, आणि चार दिवस ऐकून बघायला दोन लाखांच्या घरातला एक ॲम्प आणलाय.

नव्यावर आवाज मोकळा आणि भरदार वाटतो. हा फरक खरा किती धरायचा? दुसरं म्हणजे, दोन्ही ॲम्पवर काही गायकांचा तानपुरा घुमतो, शब्द त्यात बुडतात. काहींचा मात्र स्वच्छ. अमीर खाँसाहेबांचं विलंबित लावलं की मंद्रातले काही स्वर फुगतात, काही पार पातळ. रेकॉर्डिंगचा दोष की ॲम्पचा?

जवारी:
आधी ॲम्पचं बघू. दोन्हींचा आवाज कानाने सारखा केला असेल तर ती तुलना धरू नका. अर्धा-एक डेसिबल जास्त आवाज कानाला "मोठा" वाटत नाही, "मोकळा" आणि "भरदार" वाटतो. व्हॉल्यूमची खूण सारखी ठेवूनही उपयोग नाही, कारण प्रत्येक ॲम्पचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) वेगळा.

मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. २०० हर्ट्झचा साइन टोन (एकच शुद्ध, सलग सूर) वाजवा. १ किलोहर्ट्झ नको. स्वस्तातले मीटर ४०० च्या वर चुकीचं दाखवतात. स्पीकर जोडलेला असताना त्याच्या टर्मिनलवर जुन्या ॲम्पने २.०० व्होल्ट येतील तिथे व्हॉल्यूम ठेवा आणि खुणेला कागदी टेप लावा. नव्यावरही २.०० च आणा. ०.०२ व्होल्टचा फरक म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत, तेवढा चालेल. २.०५ आले तर ०.२ झाला, पुन्हा जुळवा.

मग तारा कोणी दुसऱ्याने बदलायच्या आणि कुठला ॲम्प चालू आहे ते सांगायचं नाही. तारा बदलताना दोन्ही ॲम्प बंद. तुकडा २०-३० सेकंदांचा, दर वेळी तोच, कारण बारीक फरकाची कानाची आठवण काही सेकंदांपुढे टिकत नाही. १० पैकी ९ वेळा बरोबर ओळखलंत तर फरक आहे. ६-७ आले तर तो नाणेफेकीतही येतो.

एक धोका लक्षात ठेवा. दोन ॲम्प एकाच वेळी एका स्पीकरला कधीच जोडायचे नाहीत, आणि काळं टर्मिनल एकत्र असणारा स्विच-बॉक्सही नको. बऱ्याच क्लास-डी ॲम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं. ते दुसऱ्या ॲम्पच्या ग्राउंडला लागलं की आउटपुट जळतं.

मंद्रषड्ज:
तानपुऱ्याचं उत्तर ॲम्पमध्ये नाही, खोलीत आहे. गायकाची पट्टी (त्याचा सा कुठल्या स्वरावर आहे ते) बघा, लगेच कळेल.

१४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. या लांबीत ४० आणि ८० हर्ट्झला उभ्या लहरी (दोन भिंतींमध्ये अडकून जागच्या जागी घुमणारा आवाज) तयार होतात. काळी दोनच्या तानपुऱ्याचा खर्ज (सर्वांत खालचा सा) ७७.८ हर्ट्झ, म्हणजे ८० च्या अगदी अंगावर. काळी एकचा खर्ज ६९.३, तो उंचीच्या ५६ आणि लांबीच्या ८० यांच्या मधे पडतो, म्हणून तुलनेने स्वच्छ. शिवाय तुमचा सोफा भिंतीला टेकलेला, आणि लांबीच्या सगळ्या लहरींचा दाब तिथेच सर्वांत जास्त.

पातळ होणाऱ्या स्वरांचं कारण वेगळं. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ०.६१ मीटरवर आहे. मागे जाऊन परतणारी लाट १४१ हर्ट्झच्या आसपास थेट लाटेला उलटी भेटते आणि तिथे आवाजात खड्डा पडतो. काळी एकचा मध्य षड्ज १३८.६. म्हणजे गायक सा वर ठेहरतो नेमका तेव्हाच आवाज पोकळ!

आधी फक्त सोफा हलवा. ८० ची लाट भिंतीपासून साडेतीन फुटांवर शून्य होते. डोकं बरोबर तिथे आलं तर काळी दोनचा खर्ज नाहीसाच होईल, म्हणून तीन फुटांपासून सुरुवात करा आणि तीन-तीन इंचांनी सरकवून ऐका. मग स्पीकर ३ फुटांवर आणा. खड्डा ९४ हर्ट्झवर उतरेल, आणि साडेतीनच्या जवळ असल्याने ८० ची लाटही कमी उठेल. दोन्ही स्पीकरमध्ये ६ फूट अंतर ठेवा.

दोन स्पीकरमधला मध्य तपासायला जुनी मोनो रेकॉर्डिंग घ्या. मोनोत गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधे, वीतभर रुंदीत बसला पाहिजे. एका बाजूला झुकला तर अंतरं टेपने मोजा. कुठेच न बसता डोक्याभोवती पसरला तर एका स्पीकरची तार उलटी आहे.

कोटा फरशीवर पातळ सतरंजी टाकून भागत नाही. ती फक्त वरचे सूर खाते, तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण) मरते आणि घुमणं तसंच राहतं. बाजूच्या भिंतींवर आरसा सरकवा. बसल्या जागेवरून आरशात ट्वीटर (स्पीकरचा उंच सुरांचा भाग) दिसेल तिथे ४ इंची, ४८ किलो प्रति घनमीटर घनतेच्या रॉकवूलची २ x ४ फुटांची चौकट, मागे २ इंच मोकळी जागा ठेवून. कापड क्लॉथ मार्केटमधून घेताना तोंडाला लावून फुंका, श्वास सहज आरपार गेला पाहिजे. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला. आणि या चौकटीकडून ८० हर्ट्झची अपेक्षा ठेवू नका; त्या लाटेचा पाव हिस्साच एक मीटरहून मोठा असतो.

रामबागकर:
मोजलं. ज्या खुणेवर जुना २.०० व्होल्ट देत होता तिथे नवा २.४१ देत होता! जुळवून घेतल्यावर १० पैकी ६. सोफा भिंतीपासून सव्वातीन फुटांवर, स्पीकर ३ वर. शब्द सुटे झाले, पण काळी दोनला थोडं घुमणं अजून आहे. ते ईक्यूने (इक्वलायझरने) काढू का? आणि सेट-टॉप बॉक्स जोडला की बारीक गूं येतो.

जवारी:
२.४१ म्हणजे १.६ डेसिबल. तुमचा "भरदार" तिथे होता. ॲम्प परत करा.

गूं साठी सेट-टॉप बॉक्सची छतावरून येणारी केबल काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जुळून झालेलं वेटोळं) आहे, बॉक्स आणि ॲम्पमधल्या ऑडिओ केबलवर आयसोलेटर लावा. ॲम्पची अर्थ-पिन मात्र कापायची नाही, कितीही गूं आला तरी. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टच्या वर दिसले तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आपल्या काळ्या मातीला चैत्र-वैशाखात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो.

मंद्रषड्ज:
ईक्यू चालेल, पण फक्त उंचवटा कापायला. मोजायचा माइक कानाच्या उंचीवर ठेवा, पंखा-कूलर बंद, २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर). डोक्याच्या आजूबाजूला फूटभरात पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. ८० ला ४ ते ६ डेसिबल कापा, क्यू (आकडा जितका मोठा तितका फिल्टर अरुंद) ४ च्या आसपास. खड्डे भरायला जाऊ नका. ६ डेसिबल वाढवणं म्हणजे चौपट पॉवर, आणि ती लाट तरीही रद्दच होते.

क्यू फार अरुंद न ठेवण्याला इंदुरात एक कारण आहे. हिवाळ्यात खोली १० अंशांवर असली तर ही लाट ७९ हर्ट्झला असते, मे महिन्यात ४० अंशांना ८३ वर सरकते. जानेवारीत बसवलेला क्यू १० चा फिल्टर उन्हाळ्यात भलत्याच जागी कापतो.