कूलरची खडखड आणि विद्यापीठातले सिनेमे : तुमचे अनुभव सांगा

वाळा
काल कूलर काढला. नागपुरात एप्रिल उजाडेपर्यंत तो गच्चीवर पडून होता हेच पुष्कळ. खाली आणला, जुनं गवत काढून नवं भरलं, पाणी ओतलं, बटण दाबलं. मोटरने असा आवाज काढला की मी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. टर्रर्र टर्रर्र, मध्येच एक ठेका चुकल्यासारखा. नवरा म्हणाला, "बेअरिंग गेलं." मी म्हटलं, "नाही, सोळा एमएम."

त्याला कळलं नाही. तो कॉमर्सचा.

१९८६ ते ८८, अमरावती रोडचा कॅम्पस, माझं एम.ए. महिन्यातून एखाद्या शनिवारी संध्याकाळी विभागाच्या हॉलमध्ये 'वेगळा' सिनेमा. सोळा एमएम फिल्मच्या प्रोजेक्टरला केबिन वगैरे नव्हती, आमच्या पाठीमागेच टेबलावर ठेवलेला. म्हणजे सिनेमाचा आवाज पुढून, मशीनचा मागून, आणि मार्चपासून दोन्ही खिडक्यांतून कूलर. ऐकू काहीच यायचं नाही. पण सिनेमे पोलिश, हंगेरियन, जपानी. ऐकू येऊनही काय कळणार होतं? खाली अक्षरं वाचायची.

पंचाईत एकदाच झाली. भर एप्रिलमध्ये कुणीतरी हौसेने मराठी सिनेमा ठेवला, आणि आम्हाला एक शब्द कळला नाही! मागून ओरडा झाला, कूलर बंद करा. केले. दहा मिनिटांत तेच ओरडणारे घामाघूम होऊन उठले आणि स्वतःच्या हाताने चालू करून आले. उरलेला सिनेमा मुका पाहिला. मला वाटतं तो चांगला होता.

तर कोण कोण जायचं तिकडे? त्याच हॉलचं असलं पाहिजे असं नाही, इतर कॉलेजांचंही लिहा. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

तर्रीबाज
अरे बाप्पा! काय आठवण काढली ताई.
आम्ही बाजूच्या कॉलेजचे पोट्टे, आम्हाले सिनेमाचं काय. पण कोणीतरी सांगतलं का विदेशी पिक्चर हाये अन् सेन्सॉर झालेला नाही. बस्स. तीन सायकलींवर सातजण. हॉल बम भरला, खाली सतरंजीवर बसलो. पाऊण तास एक म्हातारा घोड्याले पाणी पाजून राहिला. मग पाऊस आला. मग घोडा बसला. एका ठिकाणी बाईनं कोटाचं वरचं बटन काढलं तं हॉल एकदम चूप. तिनं परत लावून घेतलं, तिकडं थंडी होती.
पुढच्या महिन्यात तरी आम्ही गेलोच. काहून गेलो ते आजपर्यंत समजलं नाही.

पोथीनिष्ठ
@तर्रीबाज, अफवा अगदीच खोटी नव्हती. असे सिनेमे दाखवणाऱ्या फिल्म सोसायट्यांचे खेळ फक्त सभासदांसाठी असत, त्यामुळे सेन्सॉरमधून सूट मिळायची. म्हणूनच दारावर तिकीट विकता येत नसे, वर्गणी घेऊन कार्ड द्यावं लागे. देशातल्या सोसायट्यांचं फेडरेशन १९५९ साली झालं, पहिले अध्यक्ष सत्यजित राय. पुष्कळ ठिकाणी घोडा पाहायला नाही, बटन पाहायलाच सभासद वाढले, हे त्या काळातले लोक हसत कबूल करतात.
तुमच्याकडे कार्ड होतं का पण?

तर्रीबाज
कार्ड कायचं राजा. सतरंजी आम्हीच अंथरून देत होतो, त्याच्यावर आत.

प्रतापनगर
धागा छान आहे. वाळाताई, कूलर दुरुस्तीवाला कोणता? आमचा फोन उचलत नाहीये. हनीकोंब लावावं की गवतच?

अर्धीमुर्धी
मी त्या हॉलमध्ये दोन वर्षांत चौदा सिनेमे पाहिले. एकाचाही शेवट पाहिला नाही.

वसतिगृहात साडेसातला हजेरी. शो सहाचा, सुरू सव्वासहाला, कारण कुणीतरी दोन शब्द बोलणार आणि ते दोन शब्द पंधरा मिनिटांचे. सातवीस झाले की आम्ही चारपाचजणी कमरेत वाकून बाहेर. झोतात डोकं येऊ नये म्हणून एवढी कसरत, तरी कुणाची तरी वेणी पडद्यावर जायचीच, आणि मागून "वेणी खाली!"

मग सोमवारी कॅन्टीनमध्ये मुलांना विचारायचं, पुढे काय झालं. ती सांगायची. फार रंगवून सांगायची. 'उंबेर्तो डी' नावाचा एक इटालियन होता. म्हातारा पेन्शनर, घरभाडं थकलेलं, घरमालकीण खडूस, जवळ फक्त एक कुत्रा. मी उठले तेव्हा म्हातारा हॉस्पिटलमधून परत आलेला. सोमवारी कळलं की शेवटी कुत्रा रेल्वेखाली जातो. मी दोन दिवस जेवले नाही नीट. पुढे लग्न झालं, मुलांनी कुत्रा मागितला तेव्हाही माझ्या मनात ते रूळ आले आणि मी नाही म्हटलं.

२०२०, लॉकडाऊन, मोबाइलवर सापडला. लावला. कुत्रा मरत नाही!!! शेवटी दोघं बागेतून जाताना दिसतात. बत्तीस वर्षं मी त्या कुत्र्याचं सुतक पाळलं.

वाळा
अगं!! 😂 😭 तू कोणत्या विभागाची? मला वेणी आठवते, खरंच.

अर्धीमुर्धी
विभाग सांगितला तर ओळखशील. दोन वेण्या, तेल चोपडलेल्या, एवढंच सांगते.

मोरभवन
ताई, एक कबुली. तो खोटा शेवट सांगणारा मी नाही, निदान मला आठवत नाही. पण आम्ही सगळे तेच करायचो. कारण आमचाही शेवट व्हायचा नाही! माझी हिंगण्याची शेवटची बस मोरभवनवरून, आणि कॅम्पसपासून मोरभवनपर्यंत सायकलवर डबलसीट यायला वेळ लागतो. अर्ध्या रिळात उठायचो. मुलींना सांगायची लाज वाटायची की आपणही पाहिला नाही. मग काय, कुणाला तरी मारून टाकायचं. युरोपचा सिनेमा आहे, कुणीतरी मरतच असेल असा आमचा अंदाज. पुष्कळदा बरोबर निघायचा.

मुळामुठा
आमच्याकडे पुण्यात राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हमध्ये बऱ्याचदा दोन-तीन भागांत विचारपूर्वक कार्यक्रम असत, आधी प्रास्ताविक, नंतर चर्चा. लॉ कॉलेजजवळच असल्याने आम्ही चालत जायचो.

तर्रीबाज
आले पुणेकर.

प्रतापनगर
लॉ कॉलेज चौकात कुठे होतं अर्काइव्ह?? आम्ही तिथेच राहायचो, धरमपेठेत.

मुळामुठा
अहो, पुण्यातला लॉ कॉलेज रस्ता. १९६४ पासून आहे अर्काइव्ह.

प्रतापनगर
बरं बरं. मी म्हटलं आपल्या नाकाखाली आणि आपल्यालाच माहीत नाही.

धाकटी
रोज वाचते इथे, लिहायची पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

वाळाताईंनी प्रोजेक्टरचा आवाज लिहिला म्हणून. माझे बाबा अशाच एका विभागात शिपाई होते आणि ते मशीन तेच चालवायचे. पुण्याहून पेट्या यायच्या, पत्र्याच्या, महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या पार्सलने. बाबा स्टेशनवर जाऊन सायकलला बांधून आणायचे. शोच्या आदल्या दिवशी सगळं रीळ हाताने फिरवून बघायचे, फिल्मची कड दोन बोटांत धरून. भोकं फाटली असली की बोटाला कळतं म्हणायचे, डोळ्यांना नाही. फाटलं असेल तिथे कापून जोड द्यायचा. मशीनमध्ये फिल्म अडकली तर दिव्याच्या उष्णतेने तिथल्या तिथे जळते, पडद्यावर आधी तपकिरी ठिपका मग बुडबुडा. त्याची त्यांना फार भीती. शो असला की ते दुपारी जेवायचे नाहीत.

पेट्यांना आंबट वास यायचा. आईला वाटायचं हे कुठेतरी लोणचं खाऊन आले. फिल्म जुनी झाली की तशी आंबते, हे मला खूप नंतर कळलं.

त्यांना इंग्रजी येत नाही. खालची अक्षरं कधीच वाचली नाहीत. पण रात्री आम्हा तिघा भावंडांना सगळा सिनेमा सांगायचे, जपानी म्हाताऱ्यांना वर्धा जिल्ह्यातली नावं देऊन. लांबी रिळांत मोजायचे. "दोन रिळाचा होता, पण जड होता." एक रीळ म्हणजे पाऊण तास.

पोथीनिष्ठ
सोळा एमएमचं १६०० फुटी रीळ ४४ मिनिटं. म्हणजे बाबांचा हिशोब अचूक.
(धाकटी, असंच लिहीत राहा. उत्तम लिहिलंय.)

मोरभवन
दोन रिळांच्या मध्ये दिवे लागायचे, ते पाच मिनिटं! तिथे जेवढी लग्नं जमली तेवढी सिनेमात जमली नाहीत.

वाळा
धाकटी, वाचून डोळ्यात पाणी आलं. कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या, वरणाचं पिठलं झालंय. चालेल.

उड्डाणपूल
आमची पिढी रीळवाली नाही, लॅपटॉपवाली. आमच्याकडे ऑपरेटर म्हणजे ज्याच्याकडे एचडीएमआय केबल तो. अर्धा वेळ सबटायटल दोन वाक्यं पुढे, म्हणजे बाई रडायच्या आधीच आम्हाला कळलेलं.

'कोर्ट' ठेवला होता एकदा. त्यात लोकशाहीर झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, त्यामुळे त्या दिवशी एरवी न येणारी माणसंही आली, काही तर पोराबाळांना घेऊन. शेवटाकडे कोर्टाच्या खोलीतले दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळा. लोक उठले, टाळ्या वाजल्या, कुणी ट्यूबलाइट लावली, एका काकांनी माइक घेऊन "दिग्दर्शकाला काय म्हणायचंय" सुरूही केलं. आणि मागे पडद्यावर न्यायाधीश सहलीला निघालेले! सिनेमा चालूच होता. काका तरी थांबले नाहीत.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाने साथीदार गेले. बातमी आली तेव्हा मला आधी ती ट्यूबलाइट आठवली, का कुणास ठाऊक.

तर्रीबाज
तो काका सगळ्या हॉलात राहते. आमच्या टायमालेही होता.

मुळामुठा
आमच्याकडेही होता. मान्य.

प्रतापनगर
रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागायचे ना असे सिनेमे? आमचे आजोबा मल्याळम सिनेमा लावून झोपायचे. बंद केला की लगेच उठायचे, "पाहतोय मी."

अर्धीमुर्धी
@धाकटी, बाबा आहेत ना गं? बरे आहेत? एक विचारशील? त्यांना तो म्हातारा-कुत्र्याचा सिनेमा आठवतो का. आमच्याच हॉलचे असतील असं नाही, पण त्याच पेट्या गावोगाव फिरत असतील.

धाकटी
आहेत. ८१ वर्षांचे. ऐकू कमी येतं, पण आठवण पक्की. संध्याकाळी विचारते, आत्ता दुपारचे झोपलेत.

मोरभवन
वाट पाहतो. बाकी कॅम्पसवरून येताना तर्री पोहे कुठे खायचे लोक? आमचा एक ठेला होता, नाव गाव काही नाही, पण तर्री अशी की बसमध्ये हिंगण्यापर्यंत नाक गळायचं.

तर्रीबाज
भाऊ, आयडीले हात घातला तुम्ही. याच्यावर वेगळा धागा काढा, मी दहा पानं लिहितो.

धाकटी
विचारलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"कुत्र्याले काहून मारतेत? गाडी येते तं ते म्हाताऱ्याच्या हातातून उडी मारते. मंग रागावते, झाडामागं जाऊन बसते. म्हातारा खाली पडलेलं लाकडाच्या फुलासारखं काही उचलते, खेळवते त्याले. त्याच्या आधी एक जोड होता, म्याच देल्ला होता, तिथं झटका बसे."

मी म्हटलं, बाबा, मुलं तर सांगायची की कुत्रा मरतो. तर म्हणाले,

"पोट्ट्याईले काय माहीत. पोरी हजेरीले पळत, पोट्टे बस धराले पळत. शेवटाले हॉलात मी, मशीन, अन् एक झोपलेले सर."

अर्धीमुर्धी
काकांना माझा नमस्कार सांग. उरलेल्या तेरा सिनेमांची यादी करून पाठवते. वेळ असेल तसं विचार.

प्रतापनगर
वाळाताई, कूलरवाल्याचं राहिलंच.

वाळा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सकाळी आठच्या आत फोन करा, नंतर तो गच्चीवर असतो, ऐकू येत नाही त्याला.