मदत हवी आहे: कॅम्पर गाडीतल्या ट्यूब्युलर बॅटऱ्या काढून लिथियम बसवायची आहे

केळीबाग_रावेर:

राम राम मंडळी. टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्परमधल्या सोलरबद्दल सल्ला हवा आहे. सध्याची जोडणी अशी:

पॅनेल – ३३० वॅटचे दोन, ७२ सेलचे पॉली, समांतर जोडलेले. मागच्या पाटीवर व्हीओसी (लोड नसतानाचं व्होल्टेज) ४६ व्होल्ट, आयएससी (शॉर्ट केल्यावरचा करंट) ९.३ अँपिअर. छतापासून जेमतेम एक इंच वर.
कंट्रोलर – ४० अँपिअर, पीडब्ल्यूएम.
बॅटरी – १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) दोन, समांतर, मागच्या सीटखालच्या पेटीत. चार वर्षं झाली. एकीच्या दोन सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) पूर्ण चार्जनंतरही ११५० च्या वर जात नाही.
इन्व्हर्टर – घरगुती, ९०० व्हीए प्युअर साइन. बॅटरीपासून दीड मीटर, केबल १६ स्क्वेअर एमएम.
गाडी चालू असताना – इग्निशनवर चालणारा ७० अँपिअरचा रिले, अल्टरनेटरमधून थेट.

लोड: ५० लिटरचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रिज, दोन बीएलडीसी पंखे, चार एलईडी, पाण्याचा छोटा पंप, लॅपटॉप, मोबाईल. एसी नाही, इंडक्शन नाही.

अडचण: रात्री दोनच्या सुमारास फ्रिज बंद पडतो. भर दुपारी बारालाही कंट्रोलर १८ अँपिअरच्या पुढे जात नाही. दुकानदार म्हणतो, 'जुन्या काढा, लिथियम टाका, बाकी काही बदलायचं नाही.' हे खरं का? २०० एएच पुरेल का? आणि मे महिन्यात बंद गाडीत लिथियम टिकेल का? वापर पाल, तोरणमाळ, आणि मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत चार-पाच दिवस एका जागी उभी.

तापीकाठ:

बॅटरी बदलायला झालीच आहे, पण १८ अँपिअरचं दुखणं बॅटरीचं नाही, कंट्रोलरचं आहे.

पीडब्ल्यूएम हा नुसता स्विच असतो. तो पॅनेल बॅटरीला थेट जोडतो आणि पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. तुमचं पॅनेल ३७ व्होल्टला ९ अँपिअर देण्यासाठी बनलेलं आहे. पीडब्ल्यूएमवर तेच ९ अँपिअर १३ व्होल्टला मिळतात. दोन पॅनेलचे १८ अँपिअर गुणिले १३, म्हणजे २३४ वॅट. छतावर ६६० वॅट आणि हातात २३४. लिथियम टाकूनही हा आकडा बदलणार नाही. त्यामुळे पहिला खर्च एमपीपीटीवर (पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा कंट्रोलर) करा.

किती अँपिअरचा? आपल्याकडच्या उन्हात पॅनेलचे सेल ७० अंशांपर्यंत तापतात. पॉली पॅनेल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के पॉवर गमावतं, म्हणजे १८ टक्के गेली. उरले ५४० वॅट. १३.५ व्होल्टला हे ३८-४० अँपिअर होतात. ३० अँपिअरचा कंट्रोलर दुपारभर कापत बसेल. १००/५० वर्गातला घ्या, म्हणजे इनपुट १०० व्होल्ट, आउटपुट ५० अँपिअर.

आणि पॅनेल समांतरच ठेवा. सिरीजमध्ये ४६ अधिक ४६, म्हणजे ९२ व्होल्ट. १०० च्या आत बसतं असं वाटतं. पण थंडीत व्हीओसी वाढतो. तोरणमाळला डिसेंबरच्या पहाटे ५ अंश धरले तर ६ टक्के वाढून ९८ होतो. काठावरचा खेळ आहे, आणि कंट्रोलर जळतो तो सूर्य उगवताना, दुपारी नाही. समांतर असल्याने झाडाची सावली एका पॅनेलवर पडली तरी दुसरं चालू राहतं.

आता २०० एएचचं गणित. उन्हाळ्यात फ्रिज ४५ वॅट, दिवसातला ६० टक्के वेळ चालू: ६५०. पंखे २८ वॅटचे दोन, १४ तास: ७८०. दिवे १००, लॅपटॉप-मोबाईल २००, पंप ३०. इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तर १२ वॅटने २४ तासांत जवळपास ३००. बेरीज २०६० वॉट-अवर. २०० एएच गुणिले १२.८ म्हणजे २५६०. त्यातले ८० टक्के वापरले तर २०५०. सोलर ५४० वॅट, चांगल्या उन्हाचे साडेचार तास धरले तरी २४०० च्या घरात. जमतं, पण फार शिल्लक नाही. पंखे १२ व्होल्टचे घेऊन इन्व्हर्टर रात्री बंद केलात तर तेच २०० एएच आरामात पुरेल. ढगाळ दोन दिवस काढायचे असतील तर ३०० एएच.

सारंगखेडा डिसेंबरात असल्याने फ्रिज कमी चालेल, पण दिवस लहान आणि ऊन तिरकं. सपाट पॅनेल तिथे उन्हाळ्याच्या मानाने बरंच कमी देतात. चार दिवस एका जागी असाल तर तो हिशोब वेगळा करा.

एमएच१९_वायरमन:

तापीकाठभाऊंनी सोलर सांगितलं. मी आग लागू नये म्हणून सांगतो.

ट्यूब्युलर शॉर्ट झाली तर करंट देते, पण तिचा आतला रोध थोडा आडवा येतो. २०० एएच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) काही हजार अँपिअर क्षणात सोडते. गाड्यांत वापरतात तो पातळ पट्टीचा फ्यूज त्यात वितळतो, पण आर्क चालू राहते. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात क्लास टी फ्यूज, किंवा बेससकट एचआरसी फ्यूज लावा (दोन्ही इतका मोठा शॉर्ट करंट तोडू शकतात). एचआरसीवर डीसी रेटिंग छापलेलं आहे का ते वाचून घ्या; नुसतं एसी ४१५ लिहिलेलं असेल तर दुसरा मागा. तुमच्या ९०० व्हीएला १२५ अँपिअर पुरे. घरातली एसी एमसीबी डीसीवर अजिबात नको. एसीत करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो म्हणून आर्क विझते. डीसीत तो शून्य येतच नाही. डीसी एमसीबी घेतलीत तर बऱ्याच मॉडेलना प्लस-मायनसची दिशा असते, उलट जोडली की तीच जळते.

केबल: १६ स्क्वेअर एमएम बदला. इन्व्हर्टर पूर्ण लोडला ७०-७५ अँपिअर खेचतो, मिक्सर सुरू होताना त्याहून जास्त. जाऊन-येऊन तीन मीटरला १०० अँपिअरवर १६ ची केबल ०.३३ व्होल्ट खाते, ३५ ची ०.१५. लग तांब्याचे, कथील चढवलेले, आणि हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले. हातोडीने चेपलेला लग वर्षभरात सैल होतो, तापतो, आणि दोष बॅटरीच्या माथी येतो.

अल्टरनेटर: रिले काढाच. लिथियम मिळेल तितका करंट ओढते. गाडी घाटात हळू चालली किंवा जागेवर सुरू ठेवली की अल्टरनेटरचा पंखा मंद आणि लोड पूर्ण, वाइंडिंग भाजतं. दुसरा धोका वेगळाच आहे: चार्जिंग चालू असताना बीएमएसने (बॅटरीतलं रक्षण करणारं सर्किट) अचानक बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचा करंट जायला जागा नसते, व्होल्टेज उसळतं आणि डायोड उडतात. मधे १२-१२ चा ३० अँपिअर डीसी-डीसी चार्जर बसवा. सुरू करायच्या बॅटरीच्या टोकाला ६० अँपिअर फ्यूज, वायर १६ स्क्वेअर एमएम (तुमची काढलेली इथे कामाला येईल). गाडी बीएस६ असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) खालीवर करतो, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून सुरू होणारा चार्जर फसतो. इग्निशनची वायर जोडता येईल असाच घ्या.

घरगुती इन्व्हर्टरचं एक विसरू नका. तो १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतो. लिथियमला तिथे सेलमागे २.६ व्होल्ट उरतात, म्हणजे ती जवळपास कोरडी. रोज तिथपर्यंत नेऊ नका. लो-कट १२ व्होल्टला ठेवता येणारा, लिथियम मोड असलेला इन्व्हर्टर बघा.

सातपुडा_वारा:

केळीबागदादा, उन्हाळ्याचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण आपल्या भागात तो पहिला आहे. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून लोक हीटर असलेली बॅटरी मागवतात. एलएफपी शून्याखाली चार्ज करू नये हे खरंच आहे, पण आपल्याकडे गाडीच्या आत शून्य कुठून येणार? हीटरचे पैसे वाचवा आणि गरमीवर घाला.

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीत ६० सहज होतात. एलएफपीच्या डेटाशीटवर चार्जिंगची मर्यादा बहुधा ४५ किंवा ५५ अंश असते, डिस्चार्जची ६०. घेताना हा आकडा लेखी बघा आणि ५५ वालीच घ्या. नाहीतर मे महिन्यात ऐन दुपारी, सोलर सगळ्यात जास्त असताना, बीएमएस चार्जिंग बंद करेल आणि तुम्ही पॅनेलला दोष देत बसाल.

करायचं काय: पेटी सायलेन्सरच्या बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला हलवा. तळाला १२ एमएमची प्लाय आणि फोम, म्हणजे रस्त्याची आणि एक्झॉस्टची धग वर येत नाही. चारही बाजूंनी बोटभर मोकळी जागा. १२० एमएमचा १२ व्होल्ट पंखा आणि ३८ अंशांवर सुरू होणारा थर्मोस्टॅट. हवा खालून घ्या, वरून बाहेर काढा. पॅनेल एक इंचावरून दोन-अडीच इंचांवर उचला, त्याने पॅनेलही थंड राहतात आणि छतालाही सावली मिळते. बोल्ट जाड वापरा, कारण हायवेवर वारा पॅनेल वर उचलतो.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणून सोलर बंद करा. भर उन्हाळ्यात १०० टक्क्यांवर फ्लोट धरून ठेवणं लिथियमला सगळ्यात वाईट. ट्यूब्युलरची सवय नेमकी उलटी असते, म्हणून ही चूक जाणती माणसंही करतात.

लळिंग:

कंट्रोलरचं सेटिंग: ॲब्सॉर्प्शन (भरतानाचं कमाल व्होल्टेज) १४.६, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.६. पाटीवर १४.६ च छापलेलं असतं.

तापीकाठ:

१४.६ ही कमाल मर्यादा आहे, रोजची नाही. सेलमागे ३.६५ होतात. चारपैकी एक सेल जरा पुढे असला की तो आधी मर्यादा ओलांडतो आणि बीएमएस सगळी बॅटरी तोडतं. १४.२ ठेवलं तरी ९५ टक्क्यांच्या वर भरते. माझं मत: ॲब्सॉर्प्शन १४.२, वेळ ३० मिनिटं, फ्लोट १३.५. महिन्यातून एकदा १४.४ वर तासभर, म्हणजे सेल बॅलन्स होतात. बीएमएसचं बॅलन्सिंग बहुधा सेल ३.४ च्या वर गेल्यावरच सुरू होतं.

इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला अधूनमधून मुद्दाम जादा व्होल्टेजवर चार्ज करणं) बंद. ते विसरलात तर १५.५ व्होल्टला बीएमएस ट्रिप. टेंपरेचर कॉम्पेन्सेशन शून्य. ते लेड-ॲसिडसाठी असतं. तापल्यावर व्होल्टेज कमी करतं आणि मग उन्हाळ्यात लिथियम कधीच भरत नाही.

लळिंग:

बरोबर. कॉम्पेन्सेशनचं माझ्या लक्षात नव्हतं. १४.२ च ठेवा.

केळीबाग_रावेर:

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून तीन गोष्टी. एका ठिकाणी ई-रिक्षाचे पॅक उघडून '१२ व्होल्ट लिथियम' बनवून देतात, निम्म्या किमतीत. घ्यावी का? दुसरं, १०० एएचच्या दोन समांतर की एकच २००? तिसरं, किती टक्के उरली हे व्होल्टेजवरून कळतं का?

एमएच१९_वायरमन:

पहिलं: नको, भाऊ. आधी रसायन विचारा. एनएमसी (लिथियमचाच दुसरा प्रकार) असेल तर तीन सेलचा पॅक १२.६ व्होल्टला भरतो आणि चारचा १६.८ ला, १२ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बसत नाहीत, आणि जास्त तापल्यावर एनएमसी एलएफपीपेक्षा लवकर पेटते. एलएफपी निघाली तरी जुन्या सेलची क्षमता एकसारखी नसते, सगळ्यात कमजोर सेल पूर्ण पॅकला खाली ओढतो.

दुसरं: एकच २००. दोन घेतल्याच तर जोडण्यापूर्वी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, आणि प्लस एकीवरून, मायनस दुसरीवरून घ्या. जुनी ट्यूब्युलर 'आधाराला' समांतर ठेवायचा मोह टाळा. ती सतत लिथियममधून करंट पीत राहील.

तिसरं: नाही. ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जेमतेम ०.२-०.३ हलतं. मायनसमध्ये शंट (येणारा-जाणारा करंट मोजणारा रोध) बसवा, सगळे मायनस शंटच्या लोडच्या बाजूला. एखादी वायर थेट बॅटरीच्या मायनसला राहिली की मीटर खोटं सांगतो.

बसवायचा क्रम: पॅनेलवर चादर टाका किंवा वायर सोडा. जुन्या बॅटऱ्या काढा. दोन्ही मिळून शंभर किलोच्या वर आहेत, दोघं लागतील. नवीन २०० एएच पंचवीसच्या आसपास भरेल, म्हणून पट्ट्याने घट्ट बांधा, पूर्वीसारखी वजनाने जागेवर बसणार नाही. पेटीत ॲसिड सांडलेलं असतं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. मग शंट, फ्यूज, केबल. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, सेटिंग टाका, पॅनेल सगळ्यात शेवटी. इन्व्हर्टर जोडताना आतले कपॅसिटर एकदम भरतात. ठिणगी उडते आणि कधी बीएमएस ट्रिप होतं. गाडीचा १२ व्होल्ट बल्ब मधे धरून काही सेकंद थांबा, बल्ब विझला की केबल घट्ट करा.

बिल देण्याआधी क्षमता तपासा. पूर्ण भरा, २० अँपिअरचा लोड लावा, बीएमएस तोडेपर्यंत शंटवर एएच मोजा. २०० लिहिलेली १९५ च्या आत थांबली तर परत करा. अर्धा दिवस जातो, पण जाऊ द्या.

जुन्या बॅटऱ्या दुकानातच एक्स्चेंजला द्या, वजनावर पैसे मिळतात. भंगारवाल्याला ॲसिड ओतून देऊ नका, ते शेवटी कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.

केळीबाग_रावेर:

ठरलं. एमपीपीटी १००/५०, डीसी-डीसी ३० अँपिअर, २०० एएच एलएफपी ५५ अंशांची, एचआरसी १२५, केबल ३५, शंट. पेटी डाव्या बाजूला हलवतो, सायलेन्सर उजवीकडे आहे. इन्व्हर्टर पुढच्या महिन्यात. तोपर्यंत रात्री बंद आणि पंखे १२ व्होल्टवर. क्षमता मोजली की आकडे इथेच टाकतो.

सातपुडा_वारा:

आकड्यांसोबत दुपारी तीनचं पेटीतलं तापमानही टाका, पंखा चालू असताना आणि बंद असताना. चोपडा-यावलकडे असंच काम काढलेल्यांना उपयोग होईल.